स्टीलवरचे ओरखडे आणि रेघांची दिशा

स्टेनलेस स्टीलवरचा डाग आणि ओरखडा हे दोन वेगळे दोष आहेत. डाग हा पृष्ठभागावर बसलेला परका पदार्थ असतो. तो विरघळवता येतो किंवा उचलून काढता येतो. ओरखडा म्हणजे खुद्द धातूत पडलेली बारीक चर. ती भरून काढणारे कोणतेही द्रव्य घरगुती वापरात नाही. त्यामुळे दोनच मार्ग उरतात: चरीच्या आजूबाजूचा धातू घासून तिच्या तळाच्या पातळीवर आणायचा, किंवा चरीच्या कडा बोथट करून ती पृष्ठभागावरच्या मूळ रेघांत मिसळून टाकायची. ओरखडे घालवण्याचे जेवढे उपाय सांगितले जातात, टूथपेस्टपासून कारखान्यातल्या बफपर्यंत, ते सगळे या दोहोंपैकी एकात बसतात. हे समजले की कोणत्या ओरखड्याला हात लावावा, कशाने घासावे आणि कुठे थांबावे हे ठरवता येते.

हे विवेचन दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका स्वयंपाकघरात केलेल्या कामावर आधारलेले आहे. कनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या या रस्त्याचे जुने नाव कर्झन रोड. चार्ल्स कोरिया यांनी आरेखित केलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत आणि 2013 मध्ये सुरू झालेले नवे महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सदनिकाही इथे आहेत. बदलीवर आलेली बिऱ्हाडे तिथे काही वर्षे राहतात आणि पुढच्या गावी जातात. प्रस्तुत लेखकाचे बिऱ्हाड अशाच एका सदनिकेत होते. पुण्याहून ट्रकने आलेल्या सामानात स्टीलची गॅसची शेगडी, चिमणी, फ्रिज आणि लग्नापासूनची भांडी होती. सिंक सदनिकेतलेच होते, आधीच्या अनेक कुटुंबांनी वापरलेले. या प्रत्येक वस्तूवर निराळ्या प्रकारचा ओरखडा होता आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा ठरला.

धातू

लोखंडात किमान 10.5 टक्के क्रोमियम मिसळलेले असले की त्या मिश्रधातूला स्टेनलेस म्हणतात. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर आपोआप तयार होतो. हा थर अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा असतो, डोळ्यांना दिसत नाही, पण खालच्या लोखंडाला गंजू देत नाही. इंग्लंडमधील शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 मध्ये असे क्रोमियमयुक्त पोलाद ओतले आणि सुऱ्या-काट्यांच्या धंद्यातून ते स्वयंपाकघरात आले.

ओरखडा पडला की हा थर तिथे फाटतो, आणि उघडा पडलेला धातू हवा लागताच तो पुन्हा धरतो. पॉलिश पेपरने घासल्यावरही हेच घडते. म्हणूनच स्टेनलेस स्टील घासून दुरुस्त करता येते. मुलामा दिलेल्या वस्तूचे तसे नाही, कारण मुलामा एकदा गेला की परत येत नाही. अट एवढीच की घासलेला भाग स्वच्छ असावा आणि त्यावर मीठ, ब्लीच किंवा साध्या लोखंडाचे कण राहू नयेत. यांपैकी काही राहिले तर थर नीट धरत नाही आणि तिथे तांबूस ठिपके येतात.

स्वयंपाकघरात या स्टीलचे तीन गट भेटतात. 304 या प्रतीत सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. चांगली सिंके याची असतात. 430 या प्रतीत क्रोमियम 16 ते 18 टक्के असते आणि निकेल जवळपास नसतेच; उपकरणांच्या दर्शनी पत्र्यांसाठी ती वापरतात. 200 मालिकेत निकेलचा बराचसा भाग मँगनीज आणि नायट्रोजन यांनी भरून काढलेला असतो. भारतातली स्वस्त भांडी बहुतेक या मालिकेतली. 430 ला लोहचुंबक घट्ट चिकटते, 304 ला सहसा चिकटत नाही. पण 200 मालिकेलाही ते चिकटत नाही, त्यामुळे चुंबक न चिकटणारे भांडे उत्तम प्रतीचेच, हा बाजारातला समज चुकीचा आहे. सदनिकेतल्या सिंकच्या सपाट कडेवर चुंबक ठरत नव्हते, पण तळाच्या गोलाईवर ते हलकेच ओढले जात होते. सिंक साच्यात दाबताना कोपऱ्यांतला धातू ताणला जातो, त्याची अंतर्गत रचना थोडी बदलते आणि 304 सुद्धा तेवढ्या जागी किंचित चुंबकीय होते.

ओरखडे येतात कुठून

कठीण पदार्थ मऊ पदार्थावर चर पाडतो, एवढाच यामागचा नियम आहे. काठिण्याच्या व्हिकर्स मोजणीत 304 स्टील साधारण 150 ते 200 वर येते. वाळूतले क्वार्ट्झ हजाराच्या पुढे आणि हिरव्या घासणीत चिकटवलेले ॲल्युमिनियम ऑक्साइड दोन हजारांच्या आसपास. म्हणजे घासणीतला दाणा स्टीलपेक्षा कितीतरी पटींनी कठीण आहे. पूर्वी राखेने आणि नारळाच्या शेंडीने भांडी घासत, तेव्हा शेंडीमुळे भांड्याला काही होत नसे. ओरखडे पडत ते राखेतल्या वाळूच्या कणांनी.

दिल्लीत या कणांचा पुरवठा हवेतूनच होतो. एप्रिल ते जून या काळात राजस्थानकडून येणाऱ्या आंधीबरोबर बारीक वाळू घरात शिरते आणि ओट्यावर, चिमणीवर, फ्रिजच्या दारावर तिचा थर बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसला की फडक्याखाली अडकलेला प्रत्येक कण रेघ ओढतो. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या त्या घरात उन्हाळा संपताना चिमणीच्या पत्र्यावर कमानीच्या आकाराच्या बारीक रेघांचे जाळे दिसे. हात ज्या वळणाने फिरतो तेच वळण त्या रेघांना असे. आधी पाण्याने धूळ वाहवून नेणे आणि मगच पुसणे, हा नियम घातल्यावर नवे जाळे पडणे थांबले.

दुसरे कारण जड भांड्यांची ओढाओढ. प्रेशर कुकर, लोखंडी कढई आणि तवा सिंकमध्ये किंवा शेगडीवर सरकवले की त्यांच्या बुडाची कड पत्र्यावर चालते. तिसरे कारण सामानाची वाहतूक. दोरीचे आकडे, पट्ट्याचे बक्कल, शेजारच्या खोक्याची पत्र्याची कड यांचे ओरखडे एकटे, लांब आणि खोल असतात. घरगुती साधनांनी घालवायला हेच सर्वांत अवघड.

घासण्यापूर्वीची तपासणी

पहिला प्रश्न: दिसतो तो पृष्ठभाग खरोखर उघडे स्टील आहे का? आज विकल्या जाणाऱ्या अनेक फ्रिजचे दार स्टीलसारखे दिसते, पण प्रत्यक्षात तो वर फिल्म चिकटवलेला किंवा रंगवलेला पोलादी पत्रा असतो. खऱ्या स्टीलच्या दारांवरही बोटांचे ठसे उठू नयेत म्हणून पारदर्शक लेप दिलेला असतो. अशा पत्र्यावर पॉलिश पेपर फिरवला तर लेप फाटतो आणि ओरखड्याच्या जागी मोठा पांढुरका डाग पडतो. याची खात्रीलायक परीक्षा मल्टिमीटरने होते. मीटर जोडणी तपासण्याच्या खुणेवर ठेवून त्याची दोन्ही टोके दाराच्या न दिसणाऱ्या भागावर, बिजागरीजवळ, हलकेच टेकवावीत. उघडे स्टील वीज वाहून नेते आणि मीटर वाजते. लेप असेल तर वाजत नाही. लेखकाच्या घरी शेगडी, चिमणी आणि सिंक यांच्यावर मीटर वाजले, फ्रिजवर वाजले नाही. फ्रिजच्या दारावरचा ओरखडा तिथेच यादीतून बाद झाला.

दुसरा प्रश्न: पृष्ठभागाची घडण कोणती? उपकरणांवर बहुधा ब्रश फिनिश असते, म्हणजे कारखान्यात एकाच दिशेने पाडलेल्या समांतर बारीक रेघा. ताटे, वाट्या, डबे यांवर मिरर फिनिश असते, ज्यात रेघा दिसत नाहीत. ब्रश फिनिशवर काम तुलनेने सोपे, कारण ओरखडा रेघांत लपवता येतो. मिरर फिनिशवर लपायला जागा नसते.

तिसरा प्रश्न: रेघांची दिशा कोणती? खोलीतला दिवा मालवून टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरला की हे कळते. प्रकाश रेघांना आडवा पडला की त्या उजळतात आणि ओरखडाही स्पष्ट दिसतो. त्याची लांबी, वळण आणि रेघांशी होणारा कोन या वेळीच पाहून घ्यावा.

चौथा प्रश्न: खोली किती? ब्रश फिनिशच्या रेघांचा सरासरी खडबडीतपणा सहसा एक मायक्रोमीटरहून कमी असतो. ओरखड्यावरून आडवे नख फिरवावे. नख न अडकता गेले तर ओरखडा रेघांच्याच तोलाचा आहे आणि घासणीने जाईल. नख किंचित अडखळले तर पॉलिश पेपर लागेल. नख ठणकून थांबले तर ओरखडा पूर्णपणे काढण्याचा विचार सोडून तो सौम्य करणे हे ध्येय ठेवावे, कारण उपकरणांचा पत्रा मुळातच साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा असतो आणि एका जागी जास्त घासला की प्रतिबिंब लाटेसारखे वाकडे दिसू लागते.

स्वच्छता

घासण्यापूर्वी पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ करावा लागतो, कारण मागे राहिलेला वाळूचा एक कण घासणीखाली नवा ओरखडा पाडतो. तेलकटपणा भांड्याच्या साबणाने आणि कोमट पाण्याने जातो. पाणी सुकून बसलेले पांढरे क्षार साबणाने जात नाहीत; ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे असतात आणि त्यांना सौम्य आम्ल लागते. पांढरे व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्त्व फडक्याने लावून काही मिनिटे ठेवावे, मग भरपूर पाण्याने धुवावे. बऱ्याच वेळा ओरखडा म्हणून दाखवलेली रेघ ही क्षारांची कड निघते आणि काम इथेच संपते.

फरशी धुण्याचे ॲसिड आणि क्लोरीनचे ब्लीच स्टीलजवळही आणू नये. दोन्हींत क्लोराइड असते. ते रक्षक थराला एखाद्या बिंदूवर भेदते आणि तिथे आतपर्यंत बारीक खड्डा पडतो. असा खड्डा कोणत्याही घासण्याने जात नाही.

हलके ओरखडे: शेगडी

शेगडीच्या पत्र्यावर बर्नरभोवती गोल फिरवलेल्या हिरव्या घासणीचे ढगासारखे पट्टे होते. नख कुठेच अडकत नव्हते. अशा ठिकाणी सर्वांत सौम्य साधनापासून सुरुवात करावी. बेकिंग सोडा आणि पाणी यांचा लेप मऊ फडक्याने रेघांच्या दिशेने फिरवला. सोडा स्टीलपेक्षा मऊ आहे, त्यामुळे त्याने मळ निघाला, चकाकी थोडी परतली, पण पट्टे राहिले. सोड्याने ओरखडे जातात असे जे म्हटले जाते ते एवढ्यापुरतेच खरे. टूथपेस्टमधले घर्षक त्याहून कठीण असतात आणि ते अगदी पुसट रेघा मंद करतात.

मग कारखान्यांत वापरतात त्या नायलॉनच्या घासण्या आणल्या. त्यांचे रंग दाण्याच्या जाडीप्रमाणे ठरलेले असतात: मरून घासणी साधारण 320 नंबरच्या कागदाच्या तोलाची, करडी त्याहून बारीक, पांढरी सर्वांत सौम्य. दिल्लीत त्या चावडी बाजारच्या हार्डवेअर गल्ल्यांत मिळतात. राजीव चौकाहून मेट्रोच्या यलो लाइनवर ते दुसरे स्थानक. करडी घासणी साबणाच्या पाण्यात भिजवून पत्र्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ आणि एकसारख्या दाबाने ओढली. टोकाला पोचल्यावर हात उचलून परत सुरुवातीला आणला. गोल पट्टे हळूहळू फुटले आणि सरळ रेघांत विरले. पट्टे बर्नरभोवती होते, पण घासणी पत्र्याच्या पूर्ण लांबीवर ओढावी लागली. मध्येच थांबलेल्या हाताची जागा पुढे कायम वेगळी दिसते.

बर्नरजवळ उमटलेला निळसर-तपकिरी रंग हा ओरखडा नव्हे. उष्णतेने ऑक्साइडचा थर जाड झाला की त्यातून परतणाऱ्या प्रकाशाचे रंग दिसतात. लिंबूसत्त्वाच्या पाण्याने तो फिका होतो, पण शेगडी पेटली की पुन्हा येतो. त्यासाठी पत्रा झिजवण्यात अर्थ नाही.

खोल ओरखडे: चिमणी

चिमणीच्या दर्शनी पत्र्यावरच्या रेघा आडव्या होत्या आणि वाहतुकीत पडलेला ओरखडा वरून खाली तिरका गेला होता. रेघांना छेदणारा ओरखडा सर्वांत जास्त खटकतो, कारण त्याच्या भिंतींवरून प्रकाश भलत्याच दिशेला परततो. वरच्या टोकाला नख अडखळत होते, खाली ओरखडा पुसट होत गेला होता.

अशा कामाला सिलिकॉन कार्बाइडचा, पाण्यात वापरता येणारा पॉलिश पेपर लागतो. युरोपीय 'पी' मोजणीप्रमाणे 240 नंबरच्या कागदावरचा दाणा सरासरी 58 मायक्रोमीटरचा, 320 चा 46, 400 चा 35 आणि 600 चा 26. नंबर वाढतो तसा दाणा बारीक होतो. सुरुवात नेहमी बारीक कागदाने करावी, कारण जाड दाण्याने पाडलेल्या नव्या रेघा घालवणे हे आणखी एक काम होऊन बसते.

वीज बंद करून चिमणीच्या जाळ्या काढून ठेवल्या. बटणे आणि छापलेली अक्षरे चिकटपट्टीने झाकली. कागद सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळला. नुसत्या बोटांनी दाबला तर प्रत्येक बोटाखाली वेगळा दाब पडतो आणि पत्र्यावर पन्हळ उमटते. 400 नंबरने आडवे, कडेपासून कडेपर्यंत घासले. ओरखड्याच्या कडा मऊ झाल्या, पण वरचा भाग तसाच चमकत राहिला. म्हणून 240 घेतला. साबणाचे थोडे पाणी सतत चालू ठेवले; त्याने कण वाहून जातात, धातू तापत नाही आणि धूळ हवेत उडत नाही. स्टेनलेसच्या धुळीत क्रोमियम आणि निकेल असते, तिच्यात श्वास घेणे फुप्फुसांना घातक आहे. घरी कोरडे घासू नये, घासावे लागलेच तर नाकावर चांगला मास्क हवा.

दर थोड्या वेळाने पत्रा पुसून टॉर्चच्या तिरक्या उजेडात पाहणे हा या कामाचा निम्मा भाग आहे. ओल्या पत्र्यावर ओरखडा दिसत नाही. पाण्याचा थर चर भरून टाकतो आणि काम झाल्यासारखे वाटते. कोरडा करूनच पाहावे. 240 ने ओरखड्याचा खालचा दोन-तृतीयांश भाग नाहीसा झाला, वरच्या टोकाला बारीक खूण उरली. तिथे थांबायचे ठरवले. ती खूण घालवण्यासाठी तेवढीच जागा आणखी खोल करावी लागली असती आणि पत्र्यात दिसणारा खळगा त्या खुणेपेक्षा जास्त खटकला असता.

यानंतरच्या टप्प्यात बहुतेकांचे काम बिघडते. घासलेला भाग गुळगुळीत करावा म्हणून लोक 600, 1000, 2000 असे चढत जातात आणि ब्रश फिनिशच्या मधोमध आरशासारखा चकचकीत पट्टा उठतो. उपकरणांवरच्या रेघा कारखान्यात साधारण 120 ते 180 नंबरच्या पट्ट्याने पाडलेल्या असतात. म्हणजे जी घडण परत आणायची ती मुळात जाडसरच आहे. चिमणीवर 240 नंतर 320 फिरवला आणि शेवटी मरून घासणीने, पत्र्याच्या पूर्ण रुंदीभर, एकाच दिशेने लांब हात मारले. नव्या रेघा जुन्या रेघांशी जुळल्या आणि घासलेला पट्टा वेगळा ओळखू येईनासा झाला. शेवटचे साधन कोणते वापरायचे ते शेजारच्या न घासलेल्या पत्र्याकडे पाहून ठरते.

ड्रिलला बफ किंवा चकती लावून हे काम झटपट उरकण्याचा मोह होतो. 304 स्टील साध्या पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांशच उष्णता वाहून नेते. त्यामुळे चकतीखाली निर्माण झालेली उष्णता पसरत नाही, त्याच जागी साठते. पातळ पत्रा तिथे निळा पडतो किंवा वाकतो. घरच्या उपकरणावर हातच बरा.

सिंक

सिंकमध्ये एकटा ओरखडा नसतो, शेकडो असतात आणि ते सर्व दिशांनी गेलेले असतात. सदनिकेतल्या सिंकचा तळ असाच झाला होता. तो नव्यासारखा करण्याचा हेतू धरणे व्यर्थ, कारण कुकर रोज त्यातच धुतला जाणार. करण्याजोगे एवढेच की ठळक ओरखडे मोडून सगळ्यांना एका दिशेचे, एकसारखे रूप द्यावे. आधी लिंबूसत्त्वाच्या पाण्याने क्षार काढले. त्यानेच सिंक बरेच उजळले. मग मरून घासणीने तळावर लांबीच्या दिशेने आणि भिंतींवर कडेला समांतर घासले. कोपऱ्यांच्या गोलाईवर ठोकळा बसत नाही, तिथे घासणी हातानेच, वळण सांभाळून फिरवावी लागते.

तारेची लोखंडी घासणी सिंकमध्ये वापरू नये. तिचे तुटलेले कण चरींत रुतून बसतात, दुसऱ्या दिवशी गंजतात आणि सिंकच गंजले असे वाटते. ओली लोखंडी कढई किंवा पत्र्याचा डबा रात्रभर सिंकमध्ये राहिला तरी असाच तांबूस ठसा उमटतो. तो बहुधा वरवरचा असतो आणि लिंबूसत्त्वाने निघतो. घरगुती स्टेनलेस सिंकसाठी आयएस 13983 हे भारतीय मानक आहे. नवे सिंक घेताना त्याची खूण आणि 304 ही प्रत पाहून घेतली, तर पुढे घासण्या-दुरुस्तीला पत्रा पुरतो.

मिरर फिनिश: वझीरपूर

ताटावरचे आणि डब्यावरचे ओरखडे हाताने काढणे जवळजवळ अशक्य आहे. त्यासाठी फिरत्या चाकावरचा बफ लागतो. दिल्लीत हे काम वायव्येकडच्या वझीरपूर औद्योगिक क्षेत्रात चालते. स्टेनलेसच्या पट्ट्या लाटणारे, त्या ॲसिडमध्ये धुणारे, भांडी घडवणारे आणि पॉलिश करणारे कारखाने तिथे एकमेकांना खेटून आहेत. मुंबईजवळ भाईंदरलाही स्टीलच्या भांड्यांचा असाच मोठा धंदा आहे.

पॉलिश करणारा कारागीर ताट चाकाच्या मध्यरेषेखाली धरतो, म्हणजे चाकाने ते हिसकावले तर खाली, अंगापासून दूर फेकले जाते. पहिले चाक सायझल दोराचे आणि जाड मसाल्याचे, म्हणजे चाकाला लावलेल्या घर्षक लेपाचे. त्याने ओरखडे कापले जातात. पुढचे सुती कापडाचे आणि बारीक मसाल्याचे; त्याने चकाकी येते. शेवटच्या मसाल्याची वडी हिरवी असते, कारण तिच्यात क्रोमियम ऑक्साइड असते, स्टीलच्या रक्षक थरात असते तेच द्रव्य. प्रत्येक टप्प्यावर ताट काटकोनात वळवले जाते. नव्या रेघा जुन्यांना आडव्या पडतात, आणि जुनी एकही दिसेनाशी झाली की तो टप्पा पुरा झाला असे समजते. ब्रश फिनिशचा नियम इथे उलटतो: तिथे दिशा राखायची, इथे ती मोडत न्यायची. उडणारी काळी धूळ कारागिराच्या चेहऱ्याला गुंडाळलेल्या कापडावर बसते आणि कापडातून आतही जाते. चकचकीत ताटाची किंमत त्या श्वासातही मोजली जाते. योग्य मास्क आणि धूळ ओढून घेणारा पंखा ही या कामाची किमान गरज आहे.

जिथे हात लावू नये

लेप दिलेली फ्रिजची दारे, काळे स्टील म्हणून विकली जाणारी रंगीत थराची उपकरणे, खोदीव नक्षीचे पत्रे आणि छापील अक्षरांची पट्टी, यांवर घासकाम करू नये. थराच्या वस्तूवर ओरखडा पडला तर तो सोसावा किंवा दाराचा पत्रा बदलून घ्यावा.

मराठी घरांतल्या भांड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. भांडे घेतले की दुकानातच त्यावर नाव घालून घेण्याची रीत आहे. सुईसारख्या टोकाच्या यंत्राने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले नाव, कधी सोबत तारीख आणि कोणाकडून भेट तेही. हेही तांत्रिकदृष्ट्या ओरखडेच आहेत, पण घराला ते हवे असतात. बफवर ताट दिले की ठिपक्यांच्या कडा झिजतात आणि नाव पुसट होते; दुसऱ्यांदा दिले तर वाचता येत नाही. लेखकाच्या घरच्या भांड्यांपैकी नाव घातलेली ताटे म्हणून वझीरपूरला दिली नाहीत. त्यांची फक्त आतली बाजू मऊ फडक्याने आणि बारीक मेटल पॉलिशने हाताने उजळली आणि धुऊन वापरात ठेवली.

नंतरची निगा

घासकाम झाल्यावर पृष्ठभाग साबणाने धुवून, भरपूर पाण्याने खळखळून, लगेच कोरडा करावा. रक्षक थर हवेतच पुन्हा धरतो. नुकत्याच घासलेल्या पत्र्याला लिंबूसत्त्वाचे सौम्य पाणी लावून धुतले तर रुतलेले लोखंडाचे कण विरघळतात आणि थर अधिक चांगला बसतो. कारखान्यांतही हाच उपाय मोठ्या प्रमाणावर करतात. चिमणीसारख्या न तापणाऱ्या भागावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा अगदी पुसट हात फिरवला तर बोटांचे ठसे कमी उठतात आणि उरलेल्या बारीक रेघाही दबतात. खायचे तेल यासाठी वापरू नये. ते काही दिवसांत चिकट होते आणि धूळ धरते. शेगडीच्या पत्र्याला कोणतेच तेल लावू नये.

रोजच्या वापरात चार सवयी पुरतात. धूळ आधी पाण्याने वाहवून न्यावी. घासणी नेहमी रेघांच्या दिशेने फिरवावी आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंना ती दिशा एकदा हाताने दाखवून द्यावी. सिंकच्या तळाशी रबराची जाळी ठेवावी. जड भांडे सरकवण्याऐवजी उचलून ठेवावे. बदलीच्या वेळी स्टीलच्या दर्शनी पत्र्यांवर आधी स्वच्छ सुती चादर आणि तिच्यावर पुठ्ठा बांधावा, दोरीचे आकडे पत्र्याच्या बाजूला येऊ देऊ नयेत.

प्रत्येक घासणे थोडा धातू घेऊन जाते, म्हणून एकाच पत्र्यावर पॉलिश पेपरची वेळ वारंवार येऊ देणे बरे नाही. एखादा ओरखडा रेघांत मिसळला, नखाला लागेनासा झाला आणि हातभर अंतरावरून दिसेनासा झाला की काम पुरे झाले असे धरावे. शेवटी कोणता कागद आणि कोणत्या रंगाची घासणी वापरली ते उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत लिहून ठेवावे. पुढच्या वेळी जुळणारी रेघ शोधण्यात पत्रा झिजत नाही.